थंडीच्या देशात टाइट्स घालताना

शिकायला किंवा नोकरीला लंडन-टोरंटोकडे निघालेल्या मुली स्वेटर आणि जॅकेटं आठवणीने घेतात. पायांचा विचार मात्र पहिला गार वारा लागल्यावर होतो. टाइट्स स्कर्टखाली घालता येतात, ड्रेसखाली घालता येतात आणि साडीखालीही. फक्त एकच जोड सगळीकडे चालत नाही.

काय करावे

• पाकिटावरचा डेनियर वाचा. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे त्याचा डेनियर. १० ते २० मध्ये त्वचा दिसते, साधारण ४० च्या पुढे पाय झाकला जातो. समारंभाच्या ड्रेसखाली १५, ऑफिसच्या लोकरी स्कर्टखाली ६०, बर्फात ८० ते १०० किंवा आतून फ्लीस असलेल्या.

• रंग स्वतःच्या कातडीवर पाहून घ्या. ‘न्यूड’ म्हणून विकला जाणारा रंग बऱ्याचदा गोऱ्या पायांसाठी असतो; सावळ्या पायांवर तो राखट दिसतो. नमुना हातावर ओढून उजेडात बघा. जुळत नसेल तर सरळ काळ्या घ्या. काळा स्कर्ट, काळ्या टाइट्स आणि काळे बूट घातले की पाय लांब दिसतात.

• माप उंची आणि वजन दोन्ही पाहून ठरवा. दोन मापांच्या मधे असाल तर मोठं घ्या.

• साडीखाली घालणार असाल तर परकर सुती ठेवा. हीटरच्या कोरड्या हवेत नायलॉनवर सिंथेटिक परकर घासला की वीज साठते आणि निऱ्या पायांना चिकटतात. चालताना सारखी साडी सोडवत बसण्यापेक्षा हे सोपं.

• बसून घाला. टाइट्सचा एक पाय पंजापर्यंत गोळा करून बोटं आत सरकवा, मग हळूहळू वर घ्या. अंगठ्या आणि बांगड्या आधी काढा.

काय टाळावे

• जोडव्यांवर पातळ टाइट्स नकोत. जोडव्याची कड लागली की धागा सुटतो आणि उभी चीर वर चढत जाते. जोडवी काढायची नसतील तर गुळगुळीत, बिनखड्यांची ठेवा आणि पंजाला जाड वीण असलेल्या टाइट्स निवडा. भेगाळलेल्या टाचाही हेच करतात, म्हणून रात्री टाचांना मलम लावा.

• अंगठा असलेल्या कोल्हापुरीबरोबर बंद पंजाच्या टाइट्स नकोत. पाऊल उघडं ठेवणाऱ्या घ्या, नाहीतर बूटच घाला. साडीखाली बूट अजिबात वाईट दिसत नाहीत.

• मुंबईच्या दमट हवेत दिवसभर नायलॉन नको. घाम अडकतो, जांघेत खाज येते, बुरशी वाढते. नोकरीच्या गणवेशामुळे घालावंच लागत असेल तर मधला पट्टा सुती असलेल्या घ्या आणि घरी येताच काढा.

• ड्रायर आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्यांनी ताण सैल पडतो. जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळत घाला.

• जाड टाइट्स म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, असं समजू नका. स्टॉकिंग्जचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, डेनियरमध्ये नाही. पायांच्या शिरा फुगत असतील, मधुमेह असेल किंवा लांबचं विमान पकडायचं असेल तर डॉक्टरांना विचारा आणि पायांचं माप देऊनच घ्या.