वेगमापकावर विश्वास ठेवण्याआधी

माळावर छोटी पवनचक्की बसवावी की नाही, हे ठरवण्यासाठी आम्ही वाट्यांचा वेगमापक उभा केला. सोबतच्या कागदावर सूत्र होते : सेकंदाला एक पल्स म्हणजे ताशी २.४ किलोमीटर. मापक मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाला जोडला आणि झाडाचे पान जेमतेम हलत असताना पडद्यावर वादळी वाऱ्याचे आकडे दिसू लागले. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के जास्त धरला, तर शक्तीचा अंदाज ३३ टक्क्यांनी फुगतो. म्हणून कळकळीने सांगतो, खर्चाचा निर्णय घेण्याआधी मापक तपासा.

पहिला संशय मापकातल्या स्विचवर घ्या. वाट्यांबरोबर फिरणारा चुंबक जवळून गेला की रीड स्विचच्या पात्या मिटतात आणि एक पल्स जाते, पण मिटताना क्षणभर थरथरतात. मायक्रोकंट्रोलर प्रत्येक थरथर वेगळी पल्स म्हणून मोजतो. आमच्याकडे हेच घडत होते. एका पल्सनंतर ५ मिलिसेकंद काहीही मोजू नये, असे प्रोग्रॅममध्ये लिहा. यात खरा वारा निसटत नाही. ताशी ३६ किलोमीटर वेगालाही दोन पल्समध्ये सुमारे ६७ मिलिसेकंद जातात. पल्स दहा सेकंद मोजून सरासरी काढा. एकाच सेकंदाच्या मोजणीत आकडा २.४ च्या उड्या मारतो.

मग सूत्र तपासा. आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या थॉमस रॉमनी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये वाट्यांचा मापक पुढे आणला. वाटी कितीही मोठी असो, ती वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरते, असे त्यांचे मत होते. पुढच्या प्रयोगांत ते टिकले नाही. हे प्रमाण वाटीच्या आणि दांडीच्या मापांनुसार बदलते. तेव्हा दुसऱ्या मापकाचा गुणांक उसना घेऊ नका.

आपल्या मापकाचा गुणांक स्वतः काढा. त्यासाठी पहाटे वारा पडलेला असताना मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी न्या. टपालगत हवा वेगाने वाहते, म्हणून मापक उंच काठीवर, टपाच्या पुढच्या बाजूला घट्ट बांधा. गाडी दुसऱ्याला चालवू द्या. जीपीएसवर ताशी २०, ३०, ४०, ५० असे वेग स्थिर धरून पल्स नोंदवा. प्रत्येक वेगाला जाऊन-येऊन सरासरी घ्या, म्हणजे उरलासुरला वारा वजा होतो. आलेखावर सरळ रेषा येईल, पण ती बहुधा शून्यातून जाणार नाही, कारण बेअरिंगचे घर्षण मोडायलाच थोडा वारा लागतो. म्हणून रेषेचा चढ आणि तिचा आरंभ, दोन्ही आकडे प्रोग्रॅममध्ये घाला.

घरगुती कामाला एवढे पुरते. कर्ज काढून मोठी पवनचक्की उभारायची असेल, तर वातबोगद्यात तपासलेलाच मापक वापरा. बेअरिंग झिजले की मंद वारा कमी दिसू लागतो. म्हणून दोन्ही आकडे तारखेसह मापकाच्या डब्यावर लिहा आणि दरवर्षी पडताळा.