परत यायचंच असेल तर

चिरनेर, ता. उरण

चि. ताईस,

तुझं पत्र मिळालं. नेदरलँड्समधलं डेल्फ्टचं शिक्षण संपत आलंय, तिथेच नोकरीही मिळण्यासारखी आहे, आणि मन मात्र गावाकडे ओढतंय, काय करू म्हणून विचारलंस. वर्गातली ती ट्युनिशियाची मुलगी मायदेशी जायला बॅगा भरून बसली आहे, म्हणून तुलाही हुरूप आला असेल तर जरा दमानं घे. दुसऱ्याचं पाहून परत येणारी माणसं दुसऱ्याचं पाहूनच पुन्हा निघून जातात. आणि ते मातीचं ऋण वगैरे लिहिलंयस, तेही मला फारसं पटलं नाही. ऋण फेडायला आलेला माणूस सहा महिन्यांत गावाकडे पावती मागायला लागतो.

परदेशी विद्येचा उपयोग काय, हे आपल्या गावाला तुझ्यामाझ्या आधीपासून ठाऊक आहे. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात आठ जण गेले. मामलेदार जोशीही त्याच दिवशी मारले गेले. हुतात्म्यांना आपण दरवर्षी मानवंदना देतो. नंतरच्या खटल्याची आठवण मात्र कुणी काढत नाही. गोळीबार झाल्यावर धरपकड झाली, आणि ज्यांना इंग्रजी कायद्याचं एक अक्षर कळत नव्हतं अशी आपली माणसं आरोपी म्हणून कोर्टात उभी राहिली. त्यांच्या बचावाला उभ्या राहिलेल्या वकिलांत डॉ. आंबेडकर होते. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन, सगळीकडची विद्या त्या खटल्यात चिरनेरच्या शेतकऱ्याच्या कामी आली.

पण आंबेडकर परदेशातून परतले तेव्हा त्यांच्या वाट्याला काय आलं, तेही वाच. १९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावं लागलं. पुस्तकांच्या पेट्या ज्या बोटीत होत्या ती बुडाली. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला कुणी खोली देईना. १९२० ला पुन्हा लंडनला जाऊन १९२३ ला ते बॅरिस्टर होऊन आले. पुढे १९३४ ला चरीच्या संपकरी कुळांच्या परिषदेलाही आले. विद्या ज्यांच्या उपयोगी पडायची त्यांच्यापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली. तुला ते सहा महिन्यांत जमेल असं धरून चालू नकोस.

अलीकडचं उदाहरण घे. डॉक्टर अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्सहून परतले आणि १९८६ ला गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आधी आदिवासींनाच विचारलं. म्हणून त्याला त्यांच्या देवीचं, दंतेश्वरीचं, नाव आहे. नवजात बाळांना वाचवायला त्यांनी गावातल्याच बायका तयार केल्या. १९९९ ला ‘लॅन्सेट’मध्ये ते काम छापून आलं आणि मग दिल्लीला पटलं.

आता आपल्याकडचं, तुझी विद्या जिथे लागेल ते. खारं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला खांड गेली की उधाणाचं पाणी भातात शिरतं आणि ते शेत पुढचे दोन-तीन पावसाळे हाती लागत नाही. पूर्वी गाव जोळीनं बांध राखायचं. भरती-ओहोटी बघून चिखल काढायचा, घरटी माणूस द्यायचा, पाणी सोडायच्या उघाडीची झापं वेळेवर बसतात का हे बघायचं. बांध सरकारकडे गेले आणि ती सवय मोडली. खांड पडली की आता माणसं अर्ज घेऊन ऑफिसात जातात. त्यात कंटेनर यार्डांचे भराव आले, नाले अरुंद झाले, आणि पावसाचं पाणी गावात शिरायला लागलं. नवा प्रकल्प आला की जनसुनावणीला मराठीत चार पानांचा सारांश मिळतो. खरा अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. पाणी इथून वाहतच नाही असं त्यात लिहिलेलं असलं, तरी ते खोडून काढायला आकडा लागतो. आपल्याकडे आवाज आहे, मोर्चा आहे, आकडा नाही. तो मांडणारं माणूस आपल्यातलं हवं. भाषणं करायला इथे माणसं कमी नाहीत.

म्हणून माझं म्हणणं हे, की आत्ता येऊ नकोस. तिथली नोकरी धर आणि शिक्षणाचं कर्ज आधी फेड. डोक्यावर हप्ता घेऊन आलीस तर पहिली नोकरी तुला भराव टाकणाऱ्याच्याच सल्लागाराकडे मिळेल, आणि हप्त्यापायी तू ती घेशील. यात तुझा दोष नसेल, पण सही तुझी असेल. तुझी आई यावर रागावेल. तिला मी समजावतो.

तोवर एक काम कर. डच लोकांची जलमंडळं कित्येक शतकं जुनी आहेत. त्यांच्या निवडणुका होतात आणि ती स्वतःचा कर घेतात. इतकं असून १९५३ च्या पुरात तिथे अठराशेवर माणसं गेली, तेव्हा त्यांनाही अक्कल फुकट आली नाही. कर कुणी किती द्यायचा, मत कुणाला, बांध फुटला तर जबाब कुणी द्यायचा, हे सगळं विचारून घे. पुस्तकातलं नको. बांधाशेजारी राहणाऱ्या शेतकऱ्याला विचार. मग साध्या मराठीत दहा पानं लिहून पाठव. मी ती ग्रामसभेत वाचून दाखवीन, आणि लोक काय विचारतात ते तुला कळवीन.

तुझा,
मामा