कॅप्टन नेमोचा देश

भा. रा. भागवतांच्या रूपांतरांमुळे फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) मराठी मुलांना घरचाच वाटू लागला. परंतु त्याचा कॅप्टन नेमो खरोखरच आपल्या घरचा आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

१८६९–७० मध्ये पाणबुडीसह अवतरलेल्या नेमोचा देश गुप्तच राहतो. व्हर्नच्या मनात तो पोलिश होता. पण रशियन वाचक दुखावतील म्हणून प्रकाशक एत्झेल ह्याने ते होऊ दिले नाही. पुढे १८७४–७५ च्या रहस्यमय बेटावरील कादंबरीत उलगडा होतो : नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात लढून सर्वस्व गमावलेला! १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झालेल्या नागपूरच्या वाचकाला त्याचे दुःख परके वाटू नये.

मात्र ह्या कादंबरीच्या १८७५ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात नेमोचे इंग्रजांविरुद्धचे बोल बदलण्यात आले.

मुलांची पुस्तके निरागस असतात, असे आपण मानतो. पण त्यांवरही मोठ्यांची कात्री चालते. फ्रेंच बालसाहित्य आपल्याकडे बहुधा इंग्रजीमार्गेच येते. म्हणून महाविद्यालयात फ्रेंच शिकणाऱ्यांनी एकदा तरी मूळ ग्रंथ उघडावा. आपला राजपुत्र तेथे मोकळेपणाने बोलतो.