चार पिढ्या, एक टेम्प्लेट

प्रश्न : राम घाटावरच्या आमच्या तीर्थपुरोहितांकडे मराठी घराण्यांच्या वंशावळींच्या जुन्या वह्या आहेत. त्यांची सूची करायला मी डब्ल्यूपीएफमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहितो आहे. डेटाग्रिडमध्ये यात्रेकरू, वडील, आजोबा, पणजोबा असे चार टेम्प्लेट कॉलम. प्रत्येक सेलमध्ये वर ठळक नाव, खाली बारीक अक्षरांत गाव आणि वहीचे पान. सगळे सेल दिसायला सारखे, तरी टेम्प्लेट चार वेळा लिहावे लागले. एकच का चालत नाही?
— एक वाचक, उज्जैन

उत्तर : शिंद्यांची राजधानी १८१० च्या सुमारास उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली, पण मराठी घराण्यांचे क्षिप्रेवर येणे थांबले नाही. २०२८ चा सिंहस्थ तोंडावर असताना या वह्यांची सूची होते आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

एकच टेम्प्लेट नक्की चालते. अडते ते टेम्प्लेट कॉलमच्या घडणीमुळे. टेक्स्ट कॉलमला बाइंडिंग देता येते, टेम्प्लेट कॉलमला ती प्रॉपर्टीच नाही. तो प्रत्येक सेलसाठी आतल्या आत एक कंटेंट-प्रेझेंटर तयार करतो आणि त्याला रिकामे बाइंडिंग लावतो. रिकामे म्हणजे अख्खी ओळ, यात्रेकरूपासून पणजोबांपर्यंत सगळे जण. मग कोणाचे नाव दाखवायचे हे टेम्प्लेटलाच ठरवावे लागते. तुम्ही आत ‘वडील.नाव’ लिहिता, आणि तेच टेम्प्लेट आजोबांच्या कॉलमला लावले तर तिथेही वडीलच दिसतात.

म्हणून टेम्प्लेटच्या हाती ओळ न देता एकच माणूस द्या. नाव, गाव आणि पान असलेला ‘व्यक्ती’ हा क्लास करा, आणि ओळीच्या क्लासमध्ये त्याच प्रकारच्या चार प्रॉपर्टी ठेवा. टेम्प्लेटमध्ये फक्त ‘नाव’, ‘गाव’, ‘पान’ येऊ देत. ते विंडोच्या रिसोर्सेसमध्ये एकदाच, की देऊन ठेवा. मग प्रत्येक कॉलमच्या सेल-टेम्प्लेटमध्ये एवढेच उरते : एक कंटेंट-प्रेझेंटर, त्याचा कंटेंट ‘वडील’ला बांधलेला आणि कंटेंट-टेम्प्लेट म्हणून ते सामाईक टेम्प्लेट.

चार कॉलमांना एवढे पुरेल. पण वंशावळीत आईकडची माणसे आली, भाऊबंद आले की कॉलम वाढणारच, तेव्हा मी स्वतःचा कॉलम लिहायचा सल्ला देईन. डेटाग्रिड-बाउंड-कॉलमवरून नवा क्लास काढा, कारण त्याला बाइंडिंग असते. त्यातली जनरेट-एलिमेंट ही मेथड ओव्हरराइड करून कंटेंट-प्रेझेंटर बनवा, त्याला टेम्प्लेट द्या आणि कॉलमचे बाइंडिंग त्याच्या कंटेंटवर लावा. टेम्प्लेट कॉलम आतून करतो तेच हे काम, फक्त बाइंडिंग रिकामे नाही. जनरेट-एडिटिंग-एलिमेंटमध्ये दुरुस्तीच्या टेम्प्लेटसाठी हेच करायचे. यानंतर झॅमलमध्ये दर कॉलमाला एक ओळ पुरते.

‘व्यक्ती’ क्लास नको, नुसते नाव स्ट्रिंग म्हणून पाठवू, असा मोह होईल. दाखवण्यापुरते ते चालते, दुरुस्तीला चालत नाही. टेम्प्लेटच्या हाती स्ट्रिंगच आली तर टेक्स्टबॉक्सने बदललेले नाव परत ठेवायला प्रॉपर्टी उरत नाही. रिकामे दुतर्फी बाइंडिंग दिलेत तर प्रोग्राम एरर देतो. पाथमध्ये नुसता टिंब दिलात तर एरर जाते, पण बदल मूळ नोंदीपर्यंत पोहोचत नाही. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण पडद्यावर सगळे ठीक दिसते.

सॉर्टिंगचा मार्ग, म्हणजे सॉर्ट-मेंबर-पाथ, हाताने लिहा. साध्या टेम्प्लेट कॉलमला तो नसेल तर मथळ्यावर क्लिक करून काहीच होत नाही. स्वतःच्या कॉलममध्ये तो बाइंडिंगवरून घेतला जातो, पण मग ग्रिड दोन ‘व्यक्ती’ एकमेकींशी ताडून पाहू लागतो, ते त्याला जमत नाही आणि एरर येते. पुरोहित घराणे शोधतात ते मूळ गाव विचारून, तेव्हा यात्रेकरूच्या कॉलमला ‘यात्रेकरू.गाव’ हा मार्ग द्या. बाकीच्यांना नाव चालेल.

वह्यांमध्ये पणजोबांची जागा बरेचदा कोरी असणार. तिथे नल ठेवू नका. रिकामी ‘व्यक्ती’ तयार करून ठेवा. नल असेल तर सेल उघडतो, नाव टाइपही होते, पण ते साठवायला मागे कोणी नसते. एखादा नातू घाटावर येऊन पणजोबांचे नाव सांगेल, ते लिहून ठेवायची सोय आजच करून ठेवा.