द्यायला नको, मागायला जा

अगं, वसईत राहायला आल्यापासून तुझं एकच पालुपद चाललंय: "ताई, गावातली माणसं तुटक वागतात, बिल्डिंगवाले म्हणून नाकं मुरडतात." माझं थोडं ऐकून घे, मग हवं तर भांड माझ्याशी.

1990 च्या सुमारास इथं भराभर इमारती उठल्या. नळाला पाणी नव्हतं. टँकरवाल्यांनी गावांतल्या विहिरी उपसून ते पाणी बिल्डिंगांना विकलं आणि केळीच्या, फुलांच्या वाड्या त्याची झळ सोसत राहिल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची हरित वसईची चळवळ त्या रागातूनच वाढली. 2009 ला महानगरपालिका झाली, तेव्हाही गावं वगळा म्हणून लोक रस्त्यावर उतरले. तुला पाहून कपाळाला आठी पडते तिच्यामागे एवढं सगळं आहे, बाई.

पण हेही बघ. चळवळीच्या पुढे पाद्री होते तरी ती एकट्या चर्चची झाली नाही. सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती, देव वेगळे, पण घरात कादोडीच बोलतात आणि वाड्या एकमेकींना लागून. विहिरीचं पाणी खाली गेलं ते दोघांच्याही. सलोख्याची व्याख्यानं ऐकून कुणी एकत्र आलं नव्हतं.

म्हणून सांगते, दिवाळीला फराळाची ताटं वाटलीस ते छान केलंस, पण तेवढ्यानं भागत नाही. नाताळात त्यांच्याकडून केक आला, फिट्टंफाट! देणारीचा हात वरच राहतो गं. त्यापेक्षा काहीतरी मागायला जा. बाजारात केळफूल घेतेस ना? त्या मावशीलाच विचार, निवडायचं कसं. ती हाताला तेल लावायला सांगेल, एकेका फुलातला ताठ दांडा आणि पातळ पापुद्रा काढून दाखवेल, चिरून ताकाच्या पाण्यात टाक म्हणेल. पुढच्या खेपेला ती आपणहून विचारेल, "काय गो, जमली का भाजी?"

तुझ्या मजल्यावरच्या मुसलमान भाभींचंही तेच. ईदचा शिरखुर्मा खातेस, पण घराची चावी ठेवायला मात्र दोन मजले खाली जातेस. त्यांच्या ते लक्षात येत नसेल असं वाटतं तुला? आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या धर्मावर काही आलं, तर तिथं हुज्जत घालत बसू नकोस; टाकणाऱ्याला फोन कर. फोनवर माणूस निम्मा निवळतो.

एवढ्यानं जुनी दुखणी मिटतील असं मी म्हणणार नाही. जुलै 2018 च्या पुरात वसई-विरार बुडालं, तेव्हा गावांनी बिल्डिंगांच्या भरावाला बोल लावला आणि बिल्डिंगांनी पालिकेला. पाणी मात्र सगळ्यांच्याच घरात शिरलं. तेव्हा यंदा पावसाआधी पाणी तुंबण्याबद्दल सोसायटीचा पालिकेला अर्ज लिहायला घ्याल, तर आधी गावातल्या म्हाताऱ्यांना गाठ. पाणी पूर्वी कुठून वाहून जायचं ते त्यांनाच ठाऊक. त्यांचं म्हणणं अर्जात घाल आणि पहिली सही त्यांची घे.