कुंचल्याचे वळण आणि शिशाचा खिळा

हात एकच अक्षर दोनदा अगदी सारखे काढीत नाही. खिळा मात्र ते दर वेळी तंतोतंत तसेच उमटवितो. म्हणूनच कुंचल्याने सहज लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या मुद्राक्षरांत मुळातच एक विसंगती असते. जाहिराती, वेष्टने आणि मुखपृष्ठे यांवरील ही अक्षरे साहित्याभ्यासकाला क्षुल्लक वाटतात. तथापि लिखित आणि मुद्रित यांच्या नात्याचा प्रश्न त्यांच्यात जितका उघडा पडतो तितका ग्रंथांच्या शिस्तशीर टाइपात पडत नाही.

अमेरिकन टाइप फाउंडर्सने १९४२ साली काढलेला रॉबर्ट स्मिथ यांचा ‘ब्रश स्क्रिप्ट’ लोकप्रिय झाला खरा, पण त्याची ऐट शिकविलेली वाटते. त्याहून विचारार्ह उदाहरण ‘मिस्त्राल’चे. रोजे एक्सकोफों यांनी स्वतःच्या हस्ताक्षराच्या आधारे तो रचला आणि मार्सेयच्या ऑलिव्ह फाउंड्रीने १९५३ साली तो प्रसिद्ध केला. प्रोव्हान्समधील सोसाट्याच्या वाऱ्याचे नाव त्याला दिले आहे. रोमनच्या २६ लहान अक्षरांच्या ६७६ जोड्या संभवतात. जुळाऱ्याने कोणताही खिळा कोणत्याही खिळ्याशेजारी बसविला, तरी एकाची शेवटची रेघ दुसऱ्याच्या पहिल्या रेघेत विनासायास मिळाली पाहिजे. एक्सकोफों यांचे खरे कसब या सांध्यात आहे. वाचकाला जो निष्काळजीपणा वाटतो, तो अत्यंत काटेकोर हिशेबाचे फळ होय.

देवनागरीत हा सांधा शिरोरेषेने आधीच बांधलेला आहे. मोडीत तर प्रथम ओळभर रेघ ओढीत आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे तिच्याखाली लिहीत. त्यामुळे रोमन कुंचला-अक्षरांची युक्ती देवनागरीत जशीच्या तशी आणणे व्यर्थ आहे. येथे अडचण निराळ्या जागी उभी राहते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद माथ्यावरची लहानशी गाठ व शिरोरेषेतील फट यांवर अवलंबून असतो. वेगवान कुंचल्यात गाठ बुजते. फटही सहजतेच्या नावाखाली मिटली, की ‘धन’ आणि ‘घन’ एकच होतात. उलट प्रत्येक अक्षरावरची रेघ तोडली, तर फटीला अर्थच उरत नाही. रोमनमधील सैलपणाने फार तर शोभा बिघडते, येथे शब्दच बदलतो.

कमल शेडगे (मृत्यू २०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षके हाताने रेखाटली, तेव्हा हा धोका त्यांना शब्दागणिक टाळता येत होता, कारण समोर एकच शीर्षक असे. (ही अक्षरे नाट्यसंहितेच्या अभ्यासाबाहेर का राहावीत, हे कोडेच आहे.) अक्षरसंच रचणाऱ्याला ही सवलत नाही, पुढे कोणता शब्द जुळविला जाईल हे त्याला ठाऊक नसते. १९९६ साली जाहीर झालेल्या ओपनटाइप पद्धतीमुळे संगणकावर एका अक्षराची अनेक रूपे शेजार पाहून आलटून पालटून योजता येतात आणि पुनरावृत्तीचा दोष पुष्कळसा झाकला जातो. पण ‘ध’च्या माथ्यावरची फट किती ठेवावी, हे रचनाकारालाच ठरवावे लागते.