हप्ता कोणत्या मापाने?

विमा म्हणजे संकटाची वाटणी, असे अर्थशास्त्राच्या तासाला शिकले. वाटणीचे माप कोणते, हा प्रश्न मात्र घरी पडला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून विम्याचे कागद वडील माझ्यापुढे ठेवतात.

वडील बांद्याहून रोज गोव्यात कामाला जातात. तेथील २०१६ च्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला गोव्यातले पाच वर्षांचे वास्तव्य लागते; आमचे घर पत्रादेवीच्या अलीकडे. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातील ठरावीक उपचारांना आधार देते. आईच्या मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या तीत बसत नाहीत. खाजगी विम्याचा हप्ता वय पाहून वाढतो, मिळकत पाहत नाही.

कर्मचारी राज्य विमा योजनेचे तत्त्व निराळे. कामगार वेतनाच्या ०.७५ टक्के भरतो, मालक ३.२५ टक्के, उपचार मात्र गरजेप्रमाणे. दहा हजारांवर कामगाराचे ७५ रुपये! पण तिची सक्ती साधारणपणे कामावर निदान दहा माणसे असली तरच. वडिलांसोबत तिघेच आहेत.

ऐपतीप्रमाणे भरावे, गरजेप्रमाणे मिळावे, हे माप न्याय्य असेल, तर ते दहाव्या माणसापाशीच का सुरू व्हावे?